सर, तुम्ही बाहेर थांबा

स्त्री-पुरुष समानता शिकवताना माझ्या हातून झालेली सगळ्यात गाजलेली चूक एका वाक्याची आहे. 'घरातली कामं आणि आपल्या सवयी' या विषयावर मी सलग दीड तास बोललो होतो. फळ्यावर दोन रकाने, एकात बाईची सकाळ, दुसऱ्यात पुरुषाची. बाईचा रकाना फळा संपला तरी संपत नव्हता आणि पुरुषाच्या रकान्यात चहा, पेपर आणि आंघोळ. वर्ग रंगला होता, मीही स्वतःच्या बोलण्यावर जरा खूश होतो. शिपाई रजेवर आहे हे तेवढ्यात आठवलं आणि घड्याळ बघत मी म्हणालो, "चला, दहा मिनिटं सुट्टी. भगिनींनी जरा चहाचं बघा."

  मग दुसऱ्या रांगेतून नोंदणी कार्यालयातल्या नाचणकर मॅडम उभ्या राहिल्या आणि अत्यंत नम्रपणे म्हणाल्या, "सर, बिस्किटं पुड्यातूनच द्यायची की बशीत लावून?"

त्यानंतर जे हसू उसळलं ते बाहेर रस्त्यापर्यंत गेलं असणार. चहा अर्थातच मी आणला. ट्रेमधून आणताना एक कप हजेरीपटावर सांडवला. त्या दिवशी हजर असलेल्यांपैकी निम्मे लोक आजही कागदोपत्री तपकिरी आहेत.

घरी येऊन हा किस्सा मी माझ्या बायकोला, माधवीला, तिखटमीठ लावून सांगितला. माधवी शाळेत शिकवते, त्यामुळे कमी शब्दांत शेरा मारायची तिला सवय आहे. ती म्हणाली, "घरी एवढा सराव झाल्यावर बाहेर तोंडातून येणारच."

तर मी प्रशिक्षक आहे. रत्नागिरीतल्या एका छोट्या संस्थेत काम करतो आणि जिल्ह्यातल्या कर्मचाऱ्यांना बायकांच्या हक्कांबद्दल शिकवतो. म्हणजे नक्की काय करतो, हे आमच्या आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. कोणी विचारलं तर ती सांगायची, "बायकांच्या बाजूनं बोलतो. पगारी." यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही.

खरं तर मी बायकांना शिकवत नाही. त्यांना काय होतंय ते त्यांना चांगलं ठाऊक असतं. बाई ज्याच्या टेबलासमोर येऊन उभी राहते त्याला शिकवतो. तलाठी, ग्रामसेवक, हवालदार, आरोग्यसेविका, नोंदणीतले कारकून. हक्क कायद्याच्या पुस्तकात असतो, पण बाईला तो भेटतो टेबलापलीकडच्या माणसात. तो मान वर करून बघतो का, खुर्ची देतो का, की 'नवऱ्याला घेऊन या' म्हणून परत पाठवतो, यावर सगळं ठरतं. आणि आमच्याकडे तर निम्मे नवरे मुंबईत, काही आखातात. बाईनं नवऱ्याला आणायचं म्हणजे गणपतीची किंवा शिमग्याची वाट बघायची.

वीसेक वर्षं हे करतोय. दमलो आहे, हे लिहायला आता लाज वाटत नाही. प्रोजेक्टर कधीही पहिल्या फटक्यात लागत नाही. सकाळची आणि दुपारची सही लोक सकाळीच करून टाकतात. साडेअकराच्या सुमाराला मागच्या रांगेतून एक हात वर येतो आणि प्रश्न येतो, "सर, पुरुषांवर अन्याय होतो, त्याचं काय?" हात दर वेळी वेगळा, वेळ मात्र तीच. मी उत्तर देतो. इतक्या वेळा दिलंय की मध्येच कोणी झोपेतून उठवलं तरी उरलेलं वाक्य पूर्ण करीन. शेवटी अभिप्रायाचा कागद भरून घेतो. त्यात 'कार्यक्रम उत्तम' आणि 'भाजीत मीठ कमी' या दोनच गोष्टी प्रामाणिकपणे लिहिलेल्या असतात. आणि एखाद्याला हे सगळं मनापासून पटलं, तो बदलला असं वाटतं, तेवढ्यात त्याची बदली होते.

अभिमान वाटावा अशी एकच गोष्ट माझ्या नावावर आहे. एक खेळ. मी स्वतः बसवलेला. त्याला आम्ही 'पाच मिनिटं' म्हणतो.

बाहेरच्यांसाठी थोडं समजावून सांगतो. वडील गेले की जमिनीवर आणि घरावर सगळ्या वारसांची नावं लागतात. कायद्यात मुलगा आणि मुलगी सारखी. मग काही दिवसांनी भाऊ बहिणींना बोलावून घेतात आणि हक्कसोडपत्र होतं. 'मी माझा हिस्सा राजीखुशीनं भावांना सोडून देत आहे' असं त्यात लिहिलेलं असतं. बहीण सही करते, यंत्रावर अंगठा ठेवते, कॅमेऱ्यात बघते. मग सगळे मिळून जेवतात, भाऊ साडी देतात, बहीण संध्याकाळच्या एसटीनं सासरी जाते. भांडण नाही, आरडाओरडा नाही, कुणाला काही चुकलं असं वाटतही नाही. कारण सही न करणाऱ्या बहिणीला पुढच्या गौरीला कोण बोलावणार, हे सगळ्यांना न सांगता माहीत असतं. एकदा वर्गात हे चाललेलं असताना किनाऱ्यावरच्या एका गावातल्या आरोग्यसेविका, मुल्ला सिस्टर, म्हणाल्या, "आमच्यात हिस्सा ठरलेलाच असतो, सर. फक्त मागायचा नसतो." सगळ्या जातीधर्मांच्या बायकांनी त्या दिवशी एकदम माना हलवल्या.

तर माझा खेळ असा. सही करायला आलेल्या बहिणीला अधिकाऱ्यानं बसायला खुर्ची द्यायची. भावांना बाहेर पाठवायचं. कागद तिला वाचून दाखवायचा आणि विचारायचं, "यात काय लिहिलंय ते तुमच्या शब्दांत सांगा. तुम्हाला काय हवंय?" आणि मग पाच मिनिटं गप्प बसायचं. 'माझं काय, भाऊ म्हणतील तसं' असं बाई पहिल्या मिनिटाला म्हणते. ते उत्तर धरायचं नाही. ते सवयीनं आलेलं असतं. खरं उत्तर यायचं असेल तर चौथ्या मिनिटाला येतं.

चहाच्या त्या बॅचमध्ये बहीण झाले होते हवालदार सुर्वे. भला थोरला देह, झुपकेदार मिशा, डोक्यावरून रुमाल घेतलेला. अधिकारी नाचणकर मॅडम. सुर्वे आधी लाजून वगैरे दाखवत होते, वर्ग खिदळत होता. मॅडमनी प्रश्न विचारला आणि गप्प बसल्या. मिनिट गेलं. हसणं थांबलं. सुर्वे खुर्चीत चुळबुळले, दाराकडे बघायला लागले, रुमालानं कपाळ पुसलं आणि म्हणाले, "सर, सही करतो मी. पण सोडा मला, असं बघत नका बसू!"

नाचणकर मॅडमना त्यांची दया आली आणि त्यांनी खेळ तिथेच थांबवला. मी त्यांना चांगलंच सुनावलं. "मॅडम, घाई नको. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं. बाहेर भाऊ कितीही तणतणला तरी." चहाचा हिशोब मी असा चुकता केला होता. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

या खेळानंतर मी नेहमी स्वतःच्या घरातलं एक उदाहरण द्यायचो. काही वर्षांपूर्वी माधवीचे वडील गेले. तिचं माहेर आंजर्ल्याचं. तिच्या भावांनी हक्कसोडपत्रासाठी बोलावलं, आम्ही गेलो, तिनं सही केली, येताना कड्यावरच्या गणपतीला जाऊन आलो. "सासरच्या मालमत्तेबद्दल मी एका शब्दानंही बोललो नाही," मी वर्गाला सांगायचो. "निर्णय पूर्णपणे तिचा होता." जावई कसा असावा याचा नमुना म्हणून वर्ग माझ्याकडे बघायचा, निदान मला तसं वाटायचं. उदाहरण सांगताना खिशातलं पेन हातात घेऊन फिरवायची माझी लकब आहे. पहिल्या बॅचनं निरोपाला दिलेलं काळं, जड पेन. कुठे कुणाला सही करायची असली की मी ते पुढे करतो.

आता आमच्या घरचं. आमचं गाव सावर्ड्यापासून आत. चिऱ्याचं घर, मागे विहीर, वरच्या अंगाला आंब्याच्या कलमांची बाग. वडील आधीच गेले होते, मग आई गेली, आणि कागदावर तिघांची नावं आली. सुधीरदादा, सुमनताई आणि मी. दादा गावीच असतो. कलमं तोच राखतो, वानरं तोच हाकतो, हे खरं आहे आणि तो ते दिवसातून दोनदा सांगतो हेही खरं आहे. त्याला घराची दुरुस्ती करायची होती आणि त्यासाठी कागद साफ हवा होता. कागद साफ म्हणजे ताईचं नाव कमी. माझं नाव कमी करायचा विषय कुणाच्याच डोक्यात आला नाही. माझ्याही नाही.

ताई बासष्ट वर्षांची. भावोजी दोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून ती थोरल्या मुलाकडे विरारला चार महिने, धाकट्याकडे डोंबिवलीला चार महिने आणि मधे गावी आठ-पंधरा दिवस अशी असते. तिची एक निळी बॅग आहे. ती कधी पूर्ण रिकामी झालेली मी पाहिलेली नाही. कुठेही गेली तरी लागेल तेवढं वरचं काढते, खालचं तसंच ठेवते.

सहीसाठी ती डोंबिवलीहून आली. सकाळी आम्ही तिघं माझ्या गाडीतून तालुक्याला निघालो. दादा माझ्या शेजारी, ताई मागे. वळणावर गाडी हळू करत मी माझ्या धंद्याला जागून विचारलं, "ताई, तुला काही अडचण नाही ना या सहीत?"

"माझी कसली रे अडचण," ती म्हणाली. "तुम्ही दोघं बघाल ते."

झालं. पहिल्याच मिनिटाला आलेलं उत्तर मी खिशात टाकलं आणि गिअर बदलला.

कार्यालयात टोकन घेतलं, ओळख पटवणारे दोघं साक्षीदार आले, कागद आत गेला. मी कौतुकानं माझं काळं पेन ताईच्या हातात दिलं. नाव पुकारलं म्हणून आत गेलो तर टेबलामागे नाचणकर मॅडम. बदली होऊन इकडे आल्या होत्या आणि त्या दिवशी साहेबांचा कार्यभार त्यांच्याकडे होता. मला केवढा आनंद झाला! दादाला कोपरानं ढोसलं, "माझी विद्यार्थिनी."

मॅडमनी नमस्कार केला. ताईला खुर्ची दिली. कागद चाळला, तिघांची नावं वाचली. मग चष्मा वर करून माझ्याकडे बघत म्हणाल्या, "सर, तुम्ही बाहेर थांबा."

"मी?"

"तुम्ही आणि तुमचे बंधू. दार ओढून घ्या."

बाहेरच्या बाकावर आम्ही दोघं बसलो. समोर रसवंतीचा घुंगरू वाजत होता. दादानं आधी भिंतीवरचं पंचांग पाहिलं, मग शेजारचे नियम वाचले, मग माझ्याकडे वळला. "काय रे बाळ्या, सहीला एवढा वेळ?"

"पाच मिनिटं लागतात. नियम आहे."

"कोणाचा नियम?"

माझाच होता. मीही भिंतीवरचे नियम वाचायला लागलो.

वीस वर्षांत मी किती भावांना असं बाहेर पाठवायला लावलं असेल, पण बाहेरच्या बाकावर कसं वाटतं ते मला माहीत नव्हतं. फार वाईट वाटतं. आत आपल्याबद्दल बोलणं चाललंय असं वाटतं. आपण काय वाईट केलं, असं वाटतं. बहिणीसाठी केलेल्या सगळ्या गोष्टी रांगेनं आठवतात. दर वर्षी पाठवलेली आंब्याची पेटी, भावोजींच्या आजारात घातलेल्या खेपा. आणि मग, चौथ्या मिनिटाच्या सुमाराला, ती सही करून गेल्यावर घर आणि बाग माझी आणि दादाची होणार आहे, ही साधी गोष्ट पहिल्यांदा नीट डोक्यात येते. इतके दिवस मी स्वतःला या प्रकरणात ड्रायव्हर समजत होतो.

पाचाची दहा झाली, दहाची वीस. मग दार उघडलं. मॅडम म्हणाल्या, "आज दस्त होणार नाही. ताईंना विचार करायचाय." मागून ताई आली आणि तिनं पेन माझ्या हातात दिलं. टोपण उघडलेलंसुद्धा नव्हतं.

दादा रसवंतीपर्यंत कसाबसा गप्प राहिला. तिथे त्याचा बांध फुटला. "काय गो, काय पायजे तुला? बाग पायजे? चल, उद्यापासून वानरं हाक!"

"बाग नको मला," ताई म्हणाली.  "कलमं तुझीच रे दादा. तू जीव घातलायस त्यांच्यात. मला मागच्या पडवीची खोली हवी. विहिरीकडे दार असलेली. माझ्या नावावर."

"अगो, तू ये ना! कधी पण ये! तुला कोण नाय म्हणतो?"

"कोणी नाही म्हणत. पण वहिनी विचारते, किती दिवस आहात? विरारला थोरली विचारते, डोंबिवलीला धाकटी विचारते. वाईट नाहीत हो त्या, जेवण किती टाकायचं म्हणून विचारतात. पण मला एक जागा अशी हवी की जिथे किती दिवस म्हणून कोणी विचारणार नाही."

रसाचे ग्लास तसेच राहिले. मी म्हणालो, "ताई, मग सकाळी गाडीत मला का नाही सांगितलंस?"

"बाळू, दादा पुढे बसला होता. तू रस्त्याकडे बघत होतास. सांगू कोणाला?"

 घराशी उतरताना दादा मला म्हणाला, "जगाच्या बायकांना शिकवतोस ते शिकव. आपलं घर कशाला फोडलंस?" ताई दुसऱ्याच दिवशी निळी बॅग घेऊन डोंबिवलीला गेली. जाताना वहिनीनं तिच्या कपाळाला कुंकू लावलं नाही. भावोजी गेल्यापासून लावत नव्हतीच, पण त्या दिवशी ते ताईच्या डोळ्यांत मला वेगळं दिसलं. माहेर गेलं, असंच ती धरून चालली होती. मी फोन केला की म्हणायची, "करून टाकू का रे सही? उगाच बोलले मी." मी म्हणायचो, घाई करू नकोस. यापेक्षा जास्त शहाणपण माझ्याकडे नव्हतं. मॅडमना तो प्रश्न विचारायला मीच शिकवलं होतं, पण दादाच्या न बोलण्याचं काय करायचं ते माझ्या कुठल्याच कागदात नव्हतं.

दोन महिने दादानं आम्हा दोघांशी बोलणं टाकलं. मग ऐन आंब्याच्या घाईत एका दुपारी त्याचा फोन आला. "तिला सांग, खोलीची कौलं शाकारली. नवा कागद कर म्हणावं, खोली तिची, बाकी आमचं. आणि कुलूप तिचं तिनं आणावं. माझं कुलूप लावलं तर किल्ली माझ्याकडे राहील." एवढं बोलून त्यानं फोन ठेवला. आमच्या दादाच्या तोंडून यापेक्षा गोड काही मी आयुष्यात ऐकलेलं नाही.

मे महिन्यात नवा कागद झाला. नाचणकर मॅडमनी या वेळीही आम्हाला बाहेर बसवलं, पण दादानं घड्याळ पाहिलं नाही. गावी येऊन ताईनं पितळी कुलूप दाराला लावून पाहिलं, काढलं, परत लावलं. मग आत जाऊन निळी बॅग पलंगावर उपडी केली. तळाशी भावोजींचा एक सदरा निघाला आणि आईचा हळदीकुंकवाचा करंडा.

मी रत्नागिरीला परत आलो तो हवेतच. माधवी अंगणात उन्हातली आमसुलं गोळा करत होती. बोटं लालभडक झालेली. मी तिथेच पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. कुलूप, बॅग, दादा, मॅडम. म्हटलं, बघ, एवढी वर्षं वाटायचं की सगळं भाजीतल्या मिठावर संपतंय, पण एक तरी ठिकाणी उगवलं. म्हटलं, आता वर्गात हेच उदाहरण देणार, की मी स्वतः कसा दोनदा मुकाट्यानं बाहेर थांबलो. आंजर्ल्याच्या गोष्टीला चांगली जोड होईल.

माधवीनं परात उचलली. माझ्या खिशातल्या काळ्या पेनाकडे तिचं लक्ष गेलं.

"आंजर्ल्याची गोष्ट आता नका सांगत जाऊ," ती म्हणाली. "माझ्या सहीच्या वेळी तुम्ही बाहेर नव्हता थांबलात. माझ्या शेजारी बसला होतात. पेन तुम्हीच दिलंत, टोपण काढून."